खलनायक एकतर राक्षस होतो, नाहीतर बिचारा: कथास्पर्धेसाठी लिहिणाऱ्याला उत्तर

प्रश्न खानदेशातल्या पारोळ्याकडच्या एका नव्या लेखकाचा आहे. तालुक्याच्या वाचनालयाने कथास्पर्धा ठेवली आहे. विषय 'खलनायक', मर्यादा २,००० शब्दांची, आणि कथेच्या मध्यभागी खलनायकच हवा अशी अट. त्यांनी सावकारावर कथा लिहिली. पहिला खर्डा वाचून मित्र म्हणाले, हा तर वगातला पाटील वाटतो. मग दुसऱ्या खर्ड्यात त्यांनी सावकाराला हलाखीचे बालपण दिले, तेव्हा बहीण म्हणाली, मला तर त्याची दयाच आली, तो वाईट कुठे आहे? आता त्यांचे प्रश्न असे: खलनायक वाईटही राहावा आणि खराही वाटावा, हे कसे साधायचे? शेवटी त्याला शिक्षा द्यायची का? कथा त्याच्याच तोंडून, 'मी' म्हणत सांगावी का? आणि हा सावकार गावातल्या एका खऱ्या माणसावरून सुचला आहे, ते चालेल का?

मी कथा लिहितो आणि आपल्या भागातल्या स्पर्धांना आलेल्या कथा परीक्षक म्हणून वाचतो, त्यामुळे हा गुंता माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. नियमपत्रक नीट वाचा. 'मध्यभागी खलनायक' म्हणजे निवेदकही तोच हवा असे कुणी म्हटलेले नाही. पण तसे स्पष्ट लिहिले असेल तर माझा अर्धा सल्ला तुम्हाला बदलून घ्यावा लागेल. २,००० शब्दांत जे जमते ते ५,००० शब्दांत वेगळे जमते. आणि परीक्षकांची आवडनिवड असतेच. मी सांगतो ती माझी पद्धत आहे.

तुमच्या दोन्ही खर्ड्यांत मला एकच अडचण दिसते. पहिल्यात सावकार मुळातच वाईट आहे. दुसऱ्यात परिस्थितीने त्याला वाईट केले आहे. म्हणजे दोन्हीकडे तो स्वतः काहीच ठरवत नाही. त्याच्यापुढे दोन वाटा होत्या, दुसरी वाट त्याला दिसत होती आणि तरी त्याने हीच धरली, असा क्षण कथेत कुठेही नाही. तो क्षण नसला की वाचक एकतर सावकाराला घाबरतो किंवा त्याची कीव करतो. त्याच्यावर रागावत मात्र नाही. राग यायचा तर समोरच्या माणसाला परत फिरता येत होते हे कळावे लागते.

यासाठी आपल्याला लांब जायला नको. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यात अस्तंभ्याचे शिखर आहे. दिवाळीत तिथे यात्रा भरते, माणसे डोंगर चढून अश्वत्थाम्याच्या दर्शनाला जातात. कपाळावरच्या जखमेसाठी तो तेल मागत डोंगरात फिरतो अशी लोकांची श्रद्धा आहे. आता या माणसाने केले काय, ते महाभारतात पाहा. युद्ध संपले आहे. दुर्योधन मांडी मोडून पडला आहे. रात्री वडाखाली अश्वत्थामा जागा आहे आणि झाडावर कावळे झोपले आहेत. एक घुबड येते आणि झोपलेल्या कावळ्यांना मारून टाकते. ते पाहून त्याला पांडवांच्या छावणीत रात्री घुसण्याची कल्पना सुचते. तो कृपाचार्यांना उठवतो. कृपाचार्य त्याला समजावतात की आजची रात्र झोप, सकाळी आम्ही तुझ्याबरोबर येतो, समोरासमोर लढू. तो ऐकत नाही. निघतो, आणि झोपेतल्या धृष्टद्युम्नाला आणि द्रौपदीच्या पाचही मुलांना मारतो.

कथाकाराला लागते ते सगळे इथे आहे. बापाला कपटाने मारल्याची जखम आहे, म्हणजे कारण आहे. पण ती गोष्ट अंगावर येते ती त्या कारणामुळे नव्हे. घुबड पाहिल्यापासून छावणीच्या दारापर्यंतचा जो वेळ आहे, त्यात एक शहाणा माणूस त्याला सांगतो आहे की सकाळपर्यंत थांब. थांबता येत होते. तुमच्या सावकाराच्या गोष्टीत ही 'सकाळपर्यंत थांब' म्हणणारी जागा कुठे आहे, ती आधी शोधा. सापडली की बालपणाची दोन पाने आपोआप गळून पडतील, कारण त्यांचे काम ती जागा एका परिच्छेदात करील.

आता आजच्या काळातले एक उदाहरण जरा खोलात जाऊन मांडतो. सावकाराऐवजी पतसंस्था घेऊ. आपल्या भागात पतसंस्थांचे पैसे अडकले तेव्हा काय काय झाले ते घराघरांत माहीत आहे, त्यामुळे वाचकाला फार समजावून सांगावे लागत नाही. संस्था अडचणीत येते, ठेवी परत मिळेनाशा होतात. त्याच संस्थेचा एक कर्जदार ठेवीदारांच्या घरी जातो. लाखाची ठेव पावती तीस हजार रोख देऊन स्वतःकडे घेतो. मग ती पावती पुऱ्या लाखाच्या हिशोबाने आपल्या कर्जात वळती करून घेतो. त्याचे कर्ज तीस पैशांत फिटते, ठेवीदाराचे सत्तर पैसे बुडतात. शिवीगाळ नाही, लाठीकाठी नाही. उलट हातात नोटा पडल्या म्हणून ठेवीदारच त्याचे आभार मानतो.

समजा हा कर्जदार तुमचा नायक. तो एका म्हाताऱ्या ठेवीदार बाईच्या ओट्यावर बसला आहे. तिने पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी स्टीलच्या डब्यात आणि डबा धान्याच्या कोठीत ठेवलेला आहे. तिला सही येत नाही. तो शाईचे पॅड बरोबर घेऊन आला आहे. अंगठा घेतल्यावर तो स्वतःचा रुमाल काढून तिच्या अंगठ्याची शाई पुसतो. तिला सून चहा आणून देते त्याआधी तो म्हणतो, "काळजी करू नको माय, मी शे ना." जाताना ती त्याला पिशवीभर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, देते.

एवढ्यावर तो खलनायक होतो का? माझ्या मते अजून नाही. तो धंदा करतो आहे. त्याचा हिशोबही खोटा नाही: मी आलो नसतो तर हिच्या हाती काय पडले असते? तीस हजार तरी मिळाले. वाचकही मनात मान हलवतो. आता यात एकच गोष्ट घाला. सकाळीच तो संस्थेच्या कार्यालयात गेला होता. तिथे त्याला कळले आहे की तारण जमिनीचा लिलाव ठरला आहे आणि आलेल्या पैशातून आधी वृद्ध आणि आजारी ठेवीदारांना द्यायचे आहे. यादी तयार आहे. यादीत या बाईचे नाव आहे. त्या यादीची झेरॉक्स त्याच्या शर्टाच्या खिशात आहे. आणि अंगठा द्यायच्या आधी ती विचारते, "थांबनू तं सर्वा पैसा भेटतीन का रे भाऊ?"

तो म्हणतो, "काय माहीत, माय."

इथे तो खलनायक झाला. तीस हजारांनी झाला नाही, धंद्याने झाला नाही, या तीन शब्दांनी झाला. त्याला माहीत होते. बोलला असता तर फार तर एक पावती हातची गेली असती. आणि तिने विचारले त्या घडीला खिशातला कागद काढून दाखवणे त्याला शक्य होते. कथेचा कणा एवढाच आहे. बाकी सगळे या जागेपर्यंत वाचकाला आणण्यासाठी आणि इथून पुढे नेण्यासाठी आहे.

यातली एक गोष्ट नवे लेखक हमखास उलटी करतात, म्हणून थांबून सांगतो. खिशातला कागद शेवटच्या ओळीसाठी राखून ठेवू नका. "आणि घरी आल्यावर त्याने खिशातून यादी काढली" असा धक्का देण्याचा मोह होतो. धक्का बसतो, पण तेवढाच. वाचकाला कागद पहिल्या पानावर दाखवा. म्हणजे पुढचा चहा, डबा, कोठी, रुमाल, सगळे तो वेगळ्याच नजरेने वाचेल. अंगठ्यावरची शाई पुसणारा हात त्याला सहन होणार नाही. धक्का एका ओळीत संपतो, ही धास्ती पाच पाने पुरते. स्पर्धेच्या ढिगातून एखादी कथा बाजूला काढली जाते ती बहुतेक अशा धास्तीमुळे.

दुसरी गोष्ट अशी की खलनायक एकटा नसतो. इथेही आपल्याच मातीतली गोष्ट कामाला येते. एरंडोल म्हणजेच महाभारतातली एकचक्रानगरी, असे आपण मानतो. जवळच्या पद्मालयाला भीमाच्या आणि बकासुराच्या खुणा सांगतात. ही कथा आपण लहानपणी भीमाची म्हणून ऐकतो. गाडाभर अन्न खाणारा भीम मुलांना आवडतोच. पण आदिपर्वात ज्या ब्राह्मणाच्या घरी पांडव उतरले आहेत त्याचे बोलणे नीट वाचा. तो कुंतीला सांगतो की इथला राजा दुबळा आहे, त्याच्याकडून आमचे रक्षण होत नाही. बकासुरामुळे निदान परचक्राची भीती नाही. त्याच्या बदल्यात गावाने पाळी लावून घेतली आहे. गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा एक माणूस. वर्षानुवर्षे ही पाळी चालू आहे. ज्या घराची पाळी, त्या घरात रडारड. बाकीच्या घरांत त्या दिवशी चूल पेटते.

मला बकासुराच्या दातांपेक्षा ही पाळी जास्त भयंकर वाटते. पाळीची यादी कुणीतरी ठेवत असणार. रेडे कुणीतरी पुरवत असणार. तुमच्या सावकाराच्या कथेत ही माणसे कोण आहेत? साक्षीदार म्हणून सही करणारा शेजारी, कागद लिहून देणारा, "व्यवहार आहे बाबा, आपण कशाला मध्ये पडायचे" म्हणणारा पारावरचा माणूस. माझ्या उदाहरणातल्या कर्जदाराच्या पावत्या कुणीतरी वळत्या करून घेतल्या, त्याशिवाय हे झालेच नसते. २,००० शब्दांत या सगळ्यांना जागा नाही, पण एकाला आहे. एक माणूस, एक वाक्य, एक सही. तेवढ्याने खलनायकाच्या मागे अख्खे गाव उभे राहते. आणि त्याच ब्राह्मणाच्या घरातला तो लहान मुलगा आठवा: आईबाप रडत असताना हातात गवताची काडी घेऊन तो म्हणतो, मी याने राक्षसाला मारीन. ज्याच्यावर अन्याय होतो आहे त्याला अशी एक कृती द्या. नुसते डोळे पुसणारे पात्र ठेवले की खलनायकाचीही उंची कमी होते.

तिसरी गोष्ट म्हणजे खलनायकाचे काम. तो काय करतो हे लेखकाला तपशिलाने माहीत हवे. वाडा, पांढरे कपडे, जीप आणि सोबत चार पोरे, हे चित्र आपण इतक्यांदा पाहिले आहे की त्याची भीतीच वाटत नाही. शिवाय ते चित्र बरेचसे ऊस आणि साखर कारखान्यांच्या भागातले आहे. आपल्याकडची सत्ता वेगळ्या जागी बसते. कापसाचे घ्या. खेडा खरेदीवाला व्यापारी दारात येतो, गाठोड्यात हात घालतो, मूठ दाबतो आणि म्हणतो, "ओल शे." एवढ्या दोन शब्दांनी भाव खाली येतो. सरकारी खरेदीत ओलावा आठ ते बारा टक्क्यांच्या आत लागतो, तिथे यंत्राने मोजतात. दारात मोजायला फक्त त्याची मूठ असते. त्यावर काटा मारला जातो तो वेगळाच. आता असा प्रसंग कल्पा: त्या दिवशी कापूस खडखडीत कोरडा आहे, हे मुठीला कळले आहे, आणि समोरच्याला दवाखान्यासाठी आजच पैसे हवेत, हे कानाला कळले आहे. मूठ उघडताना तो काय म्हणतो, यावर कथा उभी राहते.

किंवा रावेर, यावलकडची केळी. घड झाडावर असेपर्यंत शेतकऱ्याला थोडे थांबता येते. एकदा कापला की थांबता येत नाही. सकाळी फोनवर एक भाव ठरतो, मजूर लावून बाग कापली जाते, घड बांधावर येतात आणि दुपारी निरोप येतो की बाजार उतरला, अमुक भावाने द्यायची तर गाडी पाठवतो. उन्हात पडलेली केळी आणि न आलेली गाडी. व्यापाऱ्याला हात उगारावा लागत नाही. वेळ त्याच्या बाजूने काम करते. वादळात बाग आडवी झाल्यावर दुसऱ्या दिवशी बांधावर येणारा माणूस, गिरणेच्या पात्रातून रात्री ब्रासच्या हिशोबाने वाळू उचलणारा माणूस, अशा कितीतरी जागा आहेत. तुम्हाला यातला एखादा व्यवहार आतून माहीत असेल तर सावकार सोडा आणि तो घ्या.

सावकारच ठेवायचा असेल तर त्याचे कागद समजून घ्या. व्याजाचा आकडा वाढवून तो भयंकर होत नाही. कर्ज हातउसने म्हणून दिले जाते आणि तारण म्हणून जमिनीचे सरळ खरेदीखत करून घेतले जाते. तोंडी बोली अशी की पैसे फेडले की जमीन उलटून देतो. कागदावर त्या बोलीचा मागमूस नसतो. फेडायला गेल्यावर तो खरेदीखत दाखवतो. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने अशा जमिनीबद्दल जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते आणि चौकशीत सावकारी सिद्ध झाली तर पंधरा वर्षांच्या आतला व्यवहार रद्द होऊन जमीन परत मिळू शकते. कथेत कायदा सांगत बसू नका. पण तुमच्या सावकाराला हा कायदा पाठ असायला हवा. तो चौदा वर्षे गोड बोलत आला असेल आणि आता फक्त एक वर्ष ढकलायचे असेल, तर त्याच्या प्रत्येक गोड शब्दाला धार येते. "या वर्षी राहू दे, पुढच्या आखाजीला बघू" हे वाक्य आता नुसता दिलासा राहत नाही.

भाषेबद्दल. स्पर्धेच्या कथांत एक सवय दिसते: गरीब माणूस अहिराणी बोलतो आणि बाकी सगळे पुस्तकी. तसे करू नका. आणि खानदेश म्हणजे सगळीकडे अहिराणी असेही नाही. पारोळा, अमळनेर, धुळ्याकडे अहिराणी, रावेर, यावल, भुसावळकडे लेवा बोली, सातपुड्यात भिली आणि पावरी. तुमची कथा घडते त्या गावात पानटपरीवर जे बोलतात तेच लिहा. खलनायकासाठी तर बोली हे फार मोठे साधन आहे. माझ्या उदाहरणातला माणूस संस्थेच्या कार्यालयात साहेबांशी स्वच्छ प्रमाण मराठी बोलतो आणि म्हातारीच्या ओट्यावर 'माय' म्हणत अहिराणीत उतरतो. ती त्याला आपला समजते ती त्या एका शब्दामुळे. त्याचे हे बोली बदलणे नुसते दाखवा, त्यावर भाष्य करू नका.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. खलनायक कुणाला ठरवायचे, हा निर्णय घेताना दोनदा विचार करा. अशा विषयाला सावत्र आई, खाष्ट सासू आणि करणी करणारी बाई यांच्या कथा भरपूर येतात. सातपुड्याच्या पट्ट्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढले गेले आहे, जीव गेले आहेत. २०१३ मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो अशा आणि यासारख्या प्रकारांसाठीच. त्यामुळे डाकिणीला खलनायिका करणारी कथा माझ्या हाती आली की मी ती बाजूला ठेवतो. त्याच गावात तिच्याकडे पहिले बोट दाखवणारा पुतण्या असेल, तिच्या नावावरच्या दोन एकरांवर त्याचा डोळा असेल, बोट उचलण्याआधी तो क्षणभर थांबला असेल, तर ती कथा लिहा. ती लिहिलीच पाहिजे.

तसेच जातीचे आणि जमातीचे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि तो शिक्का कायद्याने पुसायला १९५२ उजाडले. कथेत रात्री चोरी झाली की पारध्याच्या पालावर संशय नेणारा लेखक त्याच कागदावर पुन्हा सही करतो. खाज्या नाईक हे नाव तुम्ही ऐकले असेल. आधी सरकारी चाकरीत असलेला हा भिल्ल नाईक १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांविरुद्ध उठला. कंपनीच्या दप्तरात तो लुटारू आहे, आपल्याकडे त्याला क्रांतिकारक म्हणून मान आहे. तुमच्या गावच्या दप्तरात ज्याचे नाव वाईट आहे, त्याची बाजू एकदा विचारून पाहा, आणि ज्याची कोनशिला बसली आहे त्याचीही चौकशी करा. यातून सावकारापेक्षा चांगला विषय निघू शकतो.

'मी'चा प्रश्न. खलनायकाच्या तोंडून सांगितलेली कथा आकर्षक असते आणि बहुधा दुसऱ्या पानावर घसरते, कारण तो स्वतःचे दुष्टपण वाचकाला समजावू लागतो. "होय, मी वाईट आहे" असे कुणी मनात म्हणत नाही. 'मी' वापरायचाच तर त्याला दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलू द्या. मुलगा पुण्याला गेला आणि फोन करत नाही, गुडघे दुखतात, एवढे करून लोकांना किंमत नाही, अशी त्याची गाऱ्हाणी चालू असावीत आणि त्यांच्या आड अंगठ्याचा प्रसंग दोन ओळींत येऊन जावा. हे अवघड आहे, पण साधले तर फार प्रभावी होते. नव्या माणसाने मात्र तृतीयपुरुषी राहावे, नजर खलनायकाच्या खांद्यावरून ठेवावी, हा माझा कल. तिसरा मार्ग म्हणजे सोबतच्या माणसाची नजर: मोटारसायकल चालवणारा भाचा, हिशोब लिहिणारा कारकून. त्याला खिशातला कागद माहीत असतो आणि तोही गप्प बसतो. तुमच्या स्पर्धेचा नियम निवेदकाबद्दल काही म्हणत नसेल तर मी हा मार्ग निवडीन. दोन माणसांचे गप्प बसणे एका कथेत येते.

शिक्षेबद्दल माझे मत ठाम आहे. साप चावणे, अपघात, शेवटच्या परिच्छेदात आलेले पोलीस, अचानक झालेला पश्चात्ताप, यांपैकी काहीही नको. अशा शेवटाने वाचकाचा राग तुम्ही त्याच्या हातून काढून घेता. त्याला वाटते, चला, हिशोब मिटला. अश्वत्थाम्याला शिक्षा झाली, कपाळावरचा मणी गेला, शाप मिळाला, तरी आजवर कुणाला हिशोब मिटल्यासारखे वाटले नाही. पण शिक्षा नको म्हणजे कृत्याचा मागमूस राहू नये असे नव्हे. काहीतरी त्याच्या घरापर्यंत जायला हवे. माझ्या उदाहरणात बिबडे आहेत. रात्री बायको ते भाजते, मुलांना आवडतात, ती विचारते, "कुणी दिले हो? छान झालेत, परत गेलात तर तिथूनच आणा." तो काय उत्तर देतो ते तुम्ही ठरवा. नाव सांगितले तर एक माणूस उभा राहतो, नाव टाळले तर दुसरा. दोन्ही शेवट चालतील. बिबडे घशाखाली उतरले नाहीत असे मात्र लिहू नका. ते उतरतात, आणि चवीने खाल्ले जातात, तेच तर लिहायचे आहे.

खऱ्या माणसाचा प्रश्न राहिला. नाव बदलले की सुटलो, असा समज आहे. तो बरोबर नाही. वाचणाऱ्याला माणूस ओळखू येत असेल तर बदनामीची तक्रार होऊ शकते. भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ त्यासाठी आहे. आणि "हे खरेच आहे" असे म्हणायचे तर ते सार्वजनिक हिताचे होते हेही दाखवावे लागते, आणि ते सिद्ध करायचे ओझे तुमच्यावर येते. पण कायदा बाजूला ठेवला तरी कथेसाठीसुद्धा खरा माणूस अडचणीचा असतो. तुम्ही त्याच्यावर चिडलेले असता, म्हणून त्याचा हिशोब त्याच्या बाजूने मांडायला हात धजत नाही. मग पात्र पुन्हा वगातल्या पाटलावर जाते. कृत्य एकाचे घ्या, घर दुसऱ्याचे, बोलण्याची ढब तिसऱ्याची, गाव आणि धंदा बदला. तुमच्या गावातला माणूस शेतजमिनीवाला असेल तर कथेतला पतसंस्थेचा करा. राग तोच राहील, ओळख पुसली जाईल, आणि नव्या माणसाबद्दल तुम्हाला कुतूहल वाटू लागेल. त्या कुतूहलानेच तो जिवंत होतो.

आता लिहायला बसाल तेव्हा सुरुवातीपासून लिहू नका. आधी तो एक क्षण लिहा: विचारलेला प्रश्न, खिशातला कागद, दिलेले उत्तर. साधारण ४०० शब्दांत तो उभा राहिला तरच बाकीची कथा लिहा. नाही राहिला तर प्रसंग बदला. मग मागे जाऊन वाचकाला कागद कुठे दिसतो ते ठरवा, आणि पुढे जाऊन घरी काय पोहोचते ते ठरवा. पूर्ण झाल्यावर बहिणीला पुन्हा वाचायला द्या, कारण "मला त्याची दया आली" हे तिने प्रामाणिकपणे सांगितले होते. या वेळी तिला एवढेच विचारा की कुठल्या ओळीला तुला त्याला अडवावेसे वाटले. तिने बोट ठेवलेली ओळ आणि तुम्ही मनात धरलेली ओळ एकच असेल तर कथा पाठवा. वेगळी असेल तर तिच्या ओळीपासून पुन्हा लिहा. शब्द मोजून घ्या, २,००० म्हणजे २,०००. हस्तलिखितावर नाव टाकायचे नसेल तर टाकू नका, आणि कथा आधी कुठे छापलेली नाही अशी अट असेल तर निकाल लागेपर्यंत ती कुठल्याही ग्रुपवर पाठवू नका.